खानापूरच्या जांभ्यातला खेकडा: नवी प्रजाती नोंदवायची तर सुरुवात कुठून करायची

मृग लागून दोन दिवस झड बसली की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबी भागात रात्री ओढ्याकाठी बॅटऱ्या फिरायला लागतात. आपल्या सीमाभागातल्या पोरांना खेकडा शिकवावा लागत नाही. बिळाच्या तोंडाशी मातीच्या ताज्या गोळ्या दिसल्या की आत मालक आहे, हे शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं. आपण कुर्ली म्हणतो, खेकडा म्हणतो, कन्नड बोलणारे शेजारी एडी म्हणतात, आणि रस्सा दोन्ही घरांत तितकाच झणझणीत होतो.

दर पावसाळ्यात कुणीतरी मला मोबाइलवर फोटो पाठवतं. जांभ्याच्या भेगेत बसलेला, केशरी किंवा जांभळट रंगाचा खेकडा, आणि खाली प्रश्न: "सर, हा नवा आहे का?" फोटोवरून याचं उत्तर देता येत नाही, पण प्रश्न मोलाचा आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारे, रानात भटकणारे, गावाकडे राहून नोंदी ठेवणारे अशांसाठी पुढचं लिहिलं आहे. खेकडा सापडणं हा कामाचा लहानसा भाग. आजवर नाव मिळालेल्या एकाही प्रजातीत तो बसत नाही, हे दाखवण्यात खरा वेळ जातो.

आधी ओळखीचे खेकडे नीट बघा

गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची भारतात दोन मोठी कुळं आहेत: गेकार्सिन्युसिडी आणि पोटॅमिडी. पोटॅमिडी मुख्यतः हिमालय आणि ईशान्येकडे. आपल्या घाटात जे दिसतात ते जवळजवळ सगळे गेकार्सिन्युसिडी कुळातले. दोन्हींत फरक करायची एक खूण तोंडात असते: जबड्याला जोडलेल्या छोट्या स्पर्शकाचं टोक दुभंगलेलं असेल तर गेकार्सिन्युसिडी, एकसंध असेल तर पोटॅमिडी.

भातखाचरात, ओढ्यात, तळ्याच्या बांधात बिळं करून राहणारा थोराड खेकडा बहुधा बॅरिटेल्फुसा या वंशातला. त्यातली बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस ही प्रजाती १८३६ सालापासून शास्त्राला माहीत आहे. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या खेकड्यांवर लिहिलं आणि वेस्टवुड यांनी तिचं वर्णन केलं. क्युनिक्युलॅरिस या नावाचा रोख बीळ करून राहण्याकडे आहे, म्हणजे त्या काळीही पहिली नजर बिळावरच गेली होती. हा खेकडा पाच-पन्नास वेळा हातात घेऊन बघा. नर-मादी, लहान-मोठे, नुकती कात टाकलेले, एक डेंगा तुटून नवा फुटत असलेले, सगळे. एकाच प्रजातीत किती फरक असतो याचा अंदाज आल्याशिवाय वेगळी प्रजाती डोळ्याला कळत नाही.

तुमच्या फोटोतला खेकडा मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा असतो. हा वाहत्या पाण्यात फारसा राहत नाही. जांभ्याच्या भोकात, कातळाच्या फटीत, झाडाच्या ढोलीत ओल धरून राहतो आणि पावसात बाहेर येऊन शेवाळावर फिरतो. याला अर्धभूचर म्हणतात. कल्ल्यांच्या पोकळीत ओलावा टिकवून तो हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून पाण्याबाहेर बराच काळ निभावतो. घाटियाना हा अशा खेकड्यांचा वंश २०१४ साली वेगळा केला गेला. त्यातली घाटियाना द्विवर्णा ही दोन रंगांची प्रजाती २०२२ साली आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर भागातून नोंदली गेली. यल्लापुरात सापडतो, तर खानापुरात काय असेल, हे कुतूहल रास्तच आहे.

त्यामागे कारणही आहे. समुद्री खेकड्याची अंडी फुटली की पाण्यावर तरंगणारी अळी बाहेर पडते आणि प्रवाहाबरोबर लांब जाते. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात ही अळी नसतेच. मादी अंडी पोटाखाली धरते, त्यातून थेट चिमुकले खेकडे निघतात आणि काही दिवस तिच्या पोटालाच चिकटून राहतात. त्यामुळे ही जात दूरवर पसरत नाही. एका डोंगररांगेतले खेकडे तिथेच पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि मधली दरी किंवा कोरडं पठार त्यांना तोडतं. आता आपला मुलूख आठवा. कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. जवळच भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते. एका दिवसात पायी पार करता येईल एवढ्या टापूतलं पाणी दोन वेगळ्या समुद्रांना जातं. म्हणून खेकडा कुठल्या उतारावर सापडला, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे.

परवानगी

हे काम कंटाळवाणं आहे, पण रानात पाऊल टाकायच्या आधी करा. भीमगड हे २०११ साली घोषित झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय दगडसुद्धा उचलू नका. आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. खानापूर कर्नाटकात, चंदगड महाराष्ट्रात, चोर्ल्याच्या पलीकडे सत्तरी गोव्यात. खेकड्याला सीमा कळत नाही, पण परवाना तीन राज्यांचा वेगवेगळा लागतो. कर्नाटकची परवानगी खिशात ठेवून पारगडाच्या बाजूला उतरलात तर तो नमुना नियमबाह्य ठरतो, आणि पुढे शोधनिबंधात "परवानगी क्रमांक" लिहायची वेळ येते तेव्हा गाडं अडतं. अर्ज कॉलेजच्या किंवा संस्थेच्या नावाने, नमुन्यांची संख्या आणि ठिकाणं स्पष्ट लिहून करा. खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारा.

कधी आणि कसं बघायचं

पहिल्या दमदार पावसानंतर, अंधार पडल्यावर. गमबूट, हेडलाइट, सोबतीला किमान एक स्थानिक माणूस. बिळात किंवा फटीत हात घालायचा नाही. तीच ओल, तेच बेडूक सापालाही हवे असतात. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत आणि हत्तीही येतात, त्यामुळे गावकरी नको म्हणाले तर त्या रात्री जायचं नाही.

सोबतचा माणूस फक्त वाट दाखवायला नसतो. एकदा कणकुंबीच्या बाजूला एका वाडीच्या जांभ्याच्या गडग्यापाशी (दगड रचून केलेल्या कुंपणापाशी) मी आणि दोन विद्यार्थी उजेड मारत बसलो होतो. घोंगडी घेतलेले एक मामा येऊन उभे राहिले.

"काय हुडकायलासा सर?"

"मामा, या दगडातला खेकडा."

"त्यो खात न्हाईत आमी. वड्यातला खातोय. ह्यो गौरी-गणपतीपातूर दिसतोय, मग आत जाऊन गप पडतोय. आनि त्या वरच्या सड्यावर गेलासा तर ह्येच्यापेक्षा लाल हाय."

चार वाक्यांत त्यांनी राहण्याची जागा, बाहेर येण्याचा काळ आणि दुसऱ्या ठिकाणचा रंगफरक सांगितला. मी ते तिथेच वहीत उतरवलं, त्यांच्याच शब्दांत. दुसऱ्या रात्री सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, गेलो. लाल होताच.

बघताना आधी नोंद, मग हात. खेकडा जमिनीपासून किती उंचीवर आहे, फट किती रुंद आहे, शेजारी पाणी आहे की नुसती ओल, वर झाडाची सावली आहे की उघडा सडा, काय खातोय, हे सगळं लिहा. मग जागेवरच फोटो: पाठ, समोरून चेहरा, पोट, दोन्ही डेंगे. रंग जिवंतपणीच टिपावा लागतो, कारण अल्कोहोलमध्ये गेला की काही दिवसांत सगळे खेकडे फिके तपकिरी दिसायला लागतात.

पोटाखाली अंडी किंवा पिल्लं असलेली मादी घ्यायची नाही. लाख (आतली गाभोळी) भरलेली कुर्ली आपल्याला ताटात आवडते, पण ज्याचा सगळा मुलूख एखाद्या सड्याएवढा असू शकतो त्या खेकड्याची तशी एक मादी गेली तरी मोठं नुकसान आहे. चार-पाच पूर्ण वाढलेले नर आणि एक-दोन माद्या पुरतात. उलटलेला दगड जसा होता तसा परत ठेवा.

चिठ्ठी

या भागावर मी मुद्दाम थांबतो. एम.एस्सी.ला असताना मी घाटाच्या दोन उतारांवरून नऊ खेकडे आणले होते. दोन बरण्या, प्रत्येकीत एक चिठ्ठी, बॉलपेनने लिहिलेली. आठवड्याने बघितलं तर दोन्ही बरण्यांत निळसर पाणी आणि दोन कोरे कागद. कुठली बरणी कुठल्या उताराची, हे मला कधीच सांगता आलं नाही. ते नऊ जीव मी विनाकारण घेतले, आणि तो पावसाळा गेला तो गेलाच. आजही एखाद्याच्या हातात बॉलपेन दिसलं की मला ते निळं पाणी दिसतं.

म्हणून चिठ्ठी शिसपेन्सिलीने, जाड आणि पाण्यात न विरघळणाऱ्या कागदावर लिहायची, आणि बरणीच्या आत टाकायची. बाहेर चिकटवलेली निघून पडते. तिच्यावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वाडी, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि तुमच्या वहीतला क्रमांक. नदीचं खोरं मी नेहमी लिहितो: मलप्रभा की म्हादई.

गावाचं नाव पुरेसं नसतं, कारण नावं आणि राज्यं दोन्ही बदलतात. १९५६ च्या आधी आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात आला, त्या राज्याचं नाव १९७३ साली कर्नाटक झालं, आणि २०१४ साली बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. जुन्या संग्रहालयातल्या नमुन्याचं ठिकाण लावताना हा सगळा इतिहास डोक्यात ठेवावा लागतो. तुमच्या चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश असले तर शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला तो त्रास होणार नाही.

नमुना जपणं

जिवंत खेकडा थेट अल्कोहोलमध्ये टाकू नका. तो तडफडतो आणि स्वतःचे पाय गाळून टाकतो. आधी बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवून पूर्ण गारठू द्या. मग एका पायातला थोडा स्नायू कापून ९५ टक्क्यांहून जास्त ताकदीच्या इथेनॉलच्या छोट्या कुपीत ठेवा, हा डीएनएसाठी. बाकी खेकडा ७० ते ७५ टक्के इथेनॉलमध्ये. फॉर्मेलिन टाळा, त्याने डीएनए खराब होतो. कुपी आणि बरणी दोन्हींवर एकच क्रमांक हवा.

मापं, आणि सूक्ष्मदर्शकाखालचा खेकडा

व्हर्नियर कॅलिपरने चार मापं घ्या: पाठीच्या कवचाची सर्वांत जास्त रुंदी, मधल्या रेषेवरची लांबी, कवचाची उंची, आणि दोन डोळ्यांमधल्या कपाळाची रुंदी. मिलिमीटरमध्ये, एक दशांशापर्यंत. प्रत्येक माप तीनदा घ्या, आकडे जुळेपर्यंत. मग कवचाचा पृष्ठभाग बघा: गुळगुळीत की खरबरीत, डोळ्यांमागचे आडवे उंचवटे ठळक की पुसट, कडेला दात आहे की नाही, कपाळाखालचा त्रिकोण पूर्ण की तुटक. तोंडावर दाराच्या दोन फळ्यांसारखी झाकणं असतात, तिसरे मॅक्सिलिपेड. त्यांच्या बाहेरच्या फांदीला चाबकासारखा केस आहे की नाही, हे वंश ठरवताना फार उपयोगी पडतं.

यानंतर खेकडा उलटा करा. पोटाखाली दुमडलेली पट्टी मादीत रुंद गोलसर आणि नरात अरुंद असते. नराची ती पट्टी चिमट्याने हळूच उचलली की खाली दोन जोड्या दिसतात. पुढची जोडी म्हणजे पहिलं गोनोपॉड, नराचा मिलनाचा अवयव. या कामातले सगळे त्याला जी-वन म्हणतात. मागची, पातळ, ती जी-टू. या खेकड्यांच्या वर्गीकरणात जी-वनवर जितका भरवसा ठेवतात तितका दुसऱ्या कशावर क्वचितच ठेवतात. रंग बदलतो, कवच झिजतं, डेंगा तुटून लहान उगवतो. जी-वन पूर्ण वाढलेल्या नरात बरंच ठाम असतं.

पहिल्यांदा काढताना हात थरथरतो. डावीकडचं काढायची पद्धत आहे, कारण चित्रं बहुधा त्याचीच असतात आणि तुलना सोपी जाते. पट्टी एका सुईने धरून ठेवा, दुसऱ्या हातातल्या बारीक चिमट्याने गोनोपॉड अगदी बुडाशी पकडा आणि ओढण्याऐवजी किंचित फिरवून सोडवा. ओढलं तर टोक मोडतं, आणि सगळी माहिती त्या टोकातच असते. इथेनॉलने भरलेल्या काचेच्या वाटीत ते ठेवलं की तांदळाच्या कणीसारखं दिसतं. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली मात्र त्याला बूड, मधला भाग आणि टोक असतं, कडेला बारीक केसांची झालर असते. टोकाचा शेवटचा सांधा सरळ आहे की बाहेरच्या बाजूला वाकलेला? शंकूसारखा निमुळता की बोथट? आधीच्या सांध्याच्या तुलनेत त्याची लांबी किती? हे प्रमाण आकड्यात लिहा. "थोडा लांब" असं लिहिलेलं वाचणाऱ्याच्या काही कामाचं नाही. मग चार बाजूंनी फोटो, आणि एक रेखाचित्र हाताने. फोटो असताना चित्र कशाला, असं विद्यार्थी विचारतात. चित्र काढताना जे दिसतं ते फोटो घेताना सुटतं, हा माझा दर वेळचा अनुभव आहे. काम झालं की गोनोपॉड वेगळ्या छोट्या कुपीत, त्याच क्रमांकाच्या चिठ्ठीसह, मूळ बरणीतच ठेवा.

तुलना

इथे सर्वांत जास्त महिने जातात, आणि घाई केलेली इथेच उघडी पडते. तुमच्या खेकड्याच्या वंशात आजवर जितक्या प्रजाती नोंदल्या आहेत त्या प्रत्येकीचं मूळ वर्णन मिळवा. नंतरच्या पुस्तकातला सारांश चालत नाही. सुरुवात भारतीय संग्रहालयातल्या अल्कॉक यांच्या १९१० च्या सूचीपासून करा, मग बॉट यांचं १९७० चं काम, मग अलीकडचे निबंध. घाटियाना आणि सह्याद्रियाना हे वंशच गेल्या काही वर्षांतले, त्यामुळे जुन्या निबंधात तीच प्रजाती दुसऱ्या वंशनावाखाली सापडते.

वर्णन वाचून शंका उरली तर मूळ नमुना बघावा लागतो. ज्या एका खेकड्यावर प्रजातीचं नाव टांगलेलं असतं त्याला होलोटाइप म्हणतात. भारतातले अनेक होलोटाइप भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेकडे आहेत. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय कोलकात्यात आणि पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला. बेळगावहून पुणे रात्रीच्या गाडीने गाठता येतं, तेव्हा आधी पत्र लिहा, वेळ घ्या आणि जा. मोठ्या माणसांना विचारायचा संकोच करू नका.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा लहान वयाचा तर नाही? पिल्लांचा रंग आणि आकार मोठ्यांपेक्षा बराच वेगळा असू शकतो. हा नर-मादीतला फरक तर नाही? आणि हा फरक एकाच खेकड्यात आहे की गोळा केलेल्या सगळ्यांत? वाडीतल्या मामांनी दाखवलेला सड्यावरचा लाल खेकडा घ्या. त्याचं जी-वन आणि गडग्यातल्या फिकट खेकड्याचं जी-वन मला सारखंच दिसलं. रंग वेगळा, खेकडा तोच. ते समजल्यावर वाईट वाटलं, पण तीही एक नोंदच आहे आणि मी ती तशी ठेवली.

डीएनएत १६एस आणि सीओआय या जनुकांची तुलना करतात. ती जोडीला घ्यावी. पण नुसत्या डीएनएवर प्रजाती उभी करण्याचा मोह टाळा. रचनेतला फरक आणि जनुकातला फरक एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर विधान पक्कं होतं.

नाव आणि निबंध

प्राण्यांच्या नावांना आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे. तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नवख्यांनी त्यातल्या निदान एवढ्या गोष्टी पाळाव्यात. नाव रोमन लिपीत, वंश आणि प्रजाती असं दोन शब्दांचं. ही नवी प्रजाती आहे, असं निबंधात स्पष्ट लिहिलेलं. होलोटाइप कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला, हे नेमकं सांगितलेलं. इतर प्रजातींपासून वेगळेपण शब्दांत मांडलेलं. निबंध फक्त इंटरनेटवर निघणार असेल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी. होलोटाइपसाठी पूर्ण वाढलेला, धडधाकट नर निवडा, कारण जी-वन त्याच्याकडेच आहे. सोबतचे बाकी नमुने पॅराटाइप.

नाव ठेवताना गावाचं ठेवायचं तर शेवटी एन्सिस लागतं, जसं खानापुरेन्सिस. विशेषण असेल तर ते वंशनावाच्या लिंगाप्रमाणे चालतं. घाटियाना स्त्रीलिंगी, म्हणून नारिंगी खेकड्याचं नाव औरँटियाका झालं. आपल्या भाषेतले शब्दही चालतात: घाटियाना घाटावरून आलं, सह्याद्रियाना सह्याद्रीवरून, द्विवर्णा तर सरळ संस्कृत. स्वतःचं नाव देऊ नये, हा नियम लिहिलेला नसला तरी सगळे पाळतात. आणि निबंध छापून येईपर्यंत ते नाव वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नका. अर्धवट बाहेर पडलेलं नाव पुढे वर्षानुवर्षं घोळ घालतं.

निबंधात तपासलेले नमुने, थोडक्यात ओळख, सविस्तर वर्णन, जिवंतपणीचा रंग, नावाचा अर्थ, ठिकाण आणि अधिवास, शेवटी तुलना, असा क्रम असतो. संहिता वर्णनाच्या भाषेवर बंदी घालत नाही. जगभर वाचलं जावं म्हणून इंग्रजीत लिहायची शिफारस योग्यच, पण अधिवासाच्या भागात "सडा", "गडगा", "कुर्ली" हे शब्द अर्थासह जरूर द्या. सडा म्हणजे नुसतं पठार नव्हे, हे परक्या वाचकालाही कळायला हवं.

नमुना सुपूर्द करणं

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती सरकारने नेमलेल्या संग्रहसंस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी प्राणिसर्वेक्षण संस्था हे नेहमीचं ठिकाण. होलोटाइप कॉलेजच्या कपाटात ठेवायचा नाही. प्राचार्य बदलतात, कपाटं हलतात, अल्कोहोल उडून जातं. जमा केल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक निबंधात येतो, म्हणून हे काम छपाईच्या आधी उरका. परदेशातल्या कुणाला नमुना पाठवायचा झाला तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा.

निबंध छापून आला की त्याची एक प्रत घेऊन ज्या वाडीत खेकडा सापडला तिथे जा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची नोंदवही असते, तिच्यात खेकड्याचं शास्त्रीय नाव, वाडीतलं नाव, कुठल्या नक्षत्रात बाहेर येतो आणि कुठल्या दगडात राहतो, हे कन्नडमध्ये आणि मराठीत दोन्हीत लिहून घ्या. ज्यांनी पहिल्या रात्री गडगा दाखवला त्यांचं नाव, त्यांची संमती घेऊन, निबंधाच्या आभारात आधीच आलेलं असू द्या. मग त्यांना ते पान वाचून दाखवा.